जॉन लबक आणि काळाची शिडी



या मालेत आम्ही आजवर जी नावं घेतली ती बहुतेक तत्त्वज्ञांची होती. आजचा माणूस तत्त्वज्ञ नव्हे. तो बँकर होता, पार्लमेंटचा सभासद होता, आणि उरलेल्या वेळात मुंग्या, जुनी हाडं आणि जुने दगड यांचा अभ्यास करत होता. सर जॉन लबक, पुढे लॉर्ड एव्हबरी. जन्म १८३४, मृत्यू १९१३. व्हिक्टोरिया राणीची अख्खी कारकीर्द या माणसाच्या आयुष्यात मावते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी संबंध काय? संबंध असा की आपल्या शाळेच्या इतिहासात 'पुराश्मयुग' आणि 'नवाश्मयुग' हे शब्द येतात, ते ज्या दोन शब्दांचे मराठी अवतार आहेत ते लबक यांनी १८६५ मध्ये घडवले. आम्ही स्वतः हे शब्द, आणि शब्दांबरोबर त्यांच्या मागची कल्पना, पस्तीस वर्षं वर्गात वापरली. त्या कल्पनेत कुठेतरी खोट आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं; आणि ते पुस्तकातून नाही, एका विद्यार्थिनीकडून कळलं. ती हकीकत शेवटी सांगू.

आपल्याकडे वादाची एक जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की खुद्द प्रतिपक्षाने म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' मग खंडन. आज तीच शिस्त पाळू. कारण लबक यांच्यावर तोंडसुख घेणं फार सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच त्याचा उपयोग नाही.

तर पूर्वपक्ष.

लंडनजवळ केंट परगण्यात डाऊन नावाचं खेडं आहे. तिथे लबक घराण्याची हाय एल्म्स ही जमीनजायदाद होती. वडील बँकर आणि शिवाय चांगले गणिती, खगोलशास्त्रज्ञ. १८४२ साली एक दिवस त्यांनी मुलाला सांगितलं की तुझ्यासाठी मोठी बातमी आहे. आठ वर्षांच्या पोराला वाटलं, आता आपल्याला तट्टू मिळणार! बातमी निघाली ती अशी की मिस्टर डार्विन शेजारी राहायला येताहेत. पोर हिरमुसलं. ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली गेली, आणि ती सांगण्यासारखीच आहे. कारण या मुलाला विद्यापीठ कधी मिळालं नाही. ईटनच्या शाळेतून चौदाव्या वर्षी काढून त्याला घरच्या बँकेत बसवलं. त्याचं विद्यापीठ म्हणजे शेजारचं घर. सूक्ष्मदर्शक कसा वापरायचा, निरीक्षण कसं टिपायचं, घाईने निष्कर्ष का काढायचा नाही, हे सगळं तो डार्विनच्या सहवासात शिकला.

पुढचं भराभर सांगतो. १८५८ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीची फेलोशिप. १८६४ मध्ये हक्सली, हूकर, टिंडल, स्पेन्सर अशा नऊ जणांनी 'एक्स क्लब' नावाचं मित्रमंडळ काढलं, त्यात हे एक. १८७० मध्ये मेडस्टोनमधून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात. १८८० मध्ये तिथे पडले, आणि लगेच लंडन विद्यापीठाच्या जागेवरून निवडून आले ते १९०० पर्यंत. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये ग्लॅडस्टनशी फारकत घेतली. राजकारणी म्हणून हे पहिल्या फळीतले नव्हते. मंत्री कधी झाले नाहीत. पण खाजगी सभासद म्हणून त्यांनी जे कायदे करवून घेतले ते मंत्र्यांनाही जमलेले नाहीत.

पहिला, १८७१ चा बँक हॉलिडे कायदा. बँका बंद म्हणजे हुंड्या-बिलांचा व्यवहार बंद, व्यवहार बंद म्हणजे बाजार बंद, आणि बाजार बंद म्हणजे कारकुनाला, कामगाराला एक दिवस मोकळा. इंग्लंडात अशा चार सुट्ट्या मिळाल्या. लोकांनी थट्टेने आणि प्रेमाने त्या दिवसाला 'सेंट लबकचा दिवस' म्हणायला सुरुवात केली. जिवंतपणी संतपद मिळवलेला हा बहुधा एकटाच बँकर असेल! दुसरा, १८८६ चा दुकानांच्या वेळांचा कायदा. अठरा वर्षांखालच्या पोरांना दुकानात आठवड्याला ७४ तासांहून अधिक राबवायचं नाही. चौऱ्याहत्तर तास! ही मर्यादा होती, आणि ही सुधारणा होती. यावरून त्याआधी काय चालत असेल याची कल्पना करा.

आणि तिसरा कायदा. त्यासाठी आपल्याला विल्टशायर परगण्यातल्या एव्हबरी गावी जायला हवं. तिथे उभ्या शिळांचं प्रचंड वर्तुळ आहे, इतकं मोठं की गावाचा बराच भाग त्या वर्तुळाच्या आत वसला आहे. सतराव्या-अठराव्या शतकात गावकरी या शिळा फोडत. शिळेभोवती जाळ करायचा, ती तापली की थंड पाणी ओतायचं, मग घण घालायचे. त्या दगडांतून घरं बांधली गेली. १८७१ च्या सुमारास तिथली जमीन घरांसाठी तुकडे पाडून विकायला निघाली, तेव्हा लबक यांनी पदरचे पैसे घालून ती घेतली. पुढे १९०० मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी नाव घेतलं ते याच गावाचं.

पण एक माणूस किती जमिनी विकत घेणार? म्हणून १८७३ मध्ये त्यांनी प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचं विधेयक आणलं. ते पडलं. पुन्हा आणलं. पुन्हा पडलं. जवळजवळ दरवर्षी हा उद्योग चालू होता. विरोधकांचे आक्षेप दोन होते. एक, ही खाजगी मालमत्तेवर धाड आहे. माझ्या शेतातला दगड मी फोडीन नाहीतर ठेवीन, सरकार कोण? आणि दुसरा, रानटी पूर्वजांनी वेळ जात नव्हता म्हणून रचलेल्या या ढिगाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला? अखेर १८८२ मध्ये कायदा झाला, पण दात काढलेला. यादीतल्या स्मारकाचा मालक राजी असेल तरच ते सरकारी देखरेखीखाली जायचं. स्टोनहेंजच्या मालकाने नकार दिला आणि कायदा काही करू शकला नाही. ते स्मारक राष्ट्राला मिळालं थेट १९१८ मध्ये, एका गृहस्थाने लिलावात विकत घेऊन दान दिलं तेव्हा. कायद्यात सक्तीची कलमं आली ती १९१३ च्या ऑगस्टमध्ये. लबक त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते.

गंमत पाहा, आपल्याकडे १९०४ मध्येच कर्झनच्या काळात जो प्राचीन स्मारकांचा कायदा झाला त्यात सक्तीने जमीन संपादण्याची तरतूद होती; फक्त पूजाअर्चा चालू असलेली स्थळं वगळली होती. इंग्लंडातल्या जमीनदाराला जे सांगायची पार्लमेंटला छाती नव्हती ते इथल्या मालकाला सांगायला अडचण नव्हती. असो. पण या कायद्यांच्या मुळाशी जो विचार आहे तो लबक यांचा आहे, आणि आम्हाला तो मोठा वाटतो. विचार असा: मालकी वर्तमानाची असते, भूतकाळाची नसते. शिळा तुझ्या शेतात आहे म्हणून ती उभी करणाऱ्यांचा काळ तुझा होत नाही. ज्याचा कोणी वारस उरलेला नाही त्याचे आपण सगळेच वारस.

इथे पूर्वपक्ष संपला. आता खंडन.

लबक यांचं मुख्य पुस्तक १८६५ चं 'प्रीहिस्टॉरिक टाइम्स'. सात आवृत्त्या निघाल्या, शेवटची त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. पुस्तकाचा पहिला भाग आजही आदराने वाचावा असा आहे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे ढीग, स्वित्झर्लंडच्या तळ्यांतली लाकडी खांबांवरची वस्ती, फ्रान्समधल्या सोम नदीच्या गाळात सापडलेल्या दगडी कुऱ्हाडी. या जागा त्यांनी फिरून पाहिल्या, थर तपासले. दगडाची हत्यारं दोन प्रकारची आहेत, एक नुसती छिलून काढलेली आणि दुसरी घासून गुळगुळीत केलेली, आणि पहिली फार जुनी आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं. त्यावरून ते दोन शब्द आले. इथवर सगळं ठीक.

मग पुस्तक एकदम वळण घेतं. ही हत्यारं वापरणारी माणसं कशी असतील, हे कळायचं कसं? लबक म्हणतात, आजचे 'रानटी' लोक पाहा. भूगर्भशास्त्रज्ञ जसा नामशेष प्राण्याची हाडं समजून घेण्यासाठी त्याचा जिवंत भाईबंद तपासतो, तसा पुरातत्त्वज्ञाने टास्मानियाचा, अंदमानचा, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा माणूस तपासावा. तो आपला भूतकाळच आहे, अजून जिवंत राहिलेला. १८७० च्या 'ओरिजिन ऑफ सिव्हिलायझेशन' या पुस्तकात ही शिडी पूर्ण झाली. धर्माच्याही पायऱ्या ठरल्या: आधी देवाची कल्पनाच नाही, मग वस्तुपूजा, निसर्गपूजा, शामानांचा धर्म, मूर्तिपूजा, आणि सर्वांत वर नीतीशी जोडलेला एक ईश्वर.

न्यायशास्त्राच्या भाषेत विचारू या. धूर दिसला की अग्नीचं अनुमान होतं, कारण 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती आपण तपासलेली आहे. लबक यांची व्याप्ती कोणती? 'जिथे दगडी हत्यार तिथे बालबुद्धी, तिथे अमुक धर्म, अमुक विवाहपद्धती.' ही व्याप्ती सिद्ध कुठे झाली? कुठेच नाही. हत्यारावरून हत्यार कळतं. मन कळत नाही.

हे त्या काळी कोणाला सुचलं नाही असं नव्हे. ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी १८६९ मध्ये हाच आक्षेप घेतला होता: हातातलं तंत्र ओबडधोबड आहे म्हणून नीती आणि बुद्धीही ओबडधोबड असते, हे कशावरून? हे आर्गाइल तेव्हा हिंदुस्थानचे मंत्री होते. त्यांचं स्वतःचं मत, की माणूस आधी उच्च होता आणि मग घसरला, ते टिकणारं नव्हतं. पण सिद्धांत चुकीचा असणाऱ्याचा आक्षेप बरोबर असू शकतो. लबक यांनी त्यांचा सिद्धांत पाडला आणि आक्षेपही त्याबरोबर पडला असं धरून चालले. वादात जिंकणाऱ्याने नेमकं इथे सावध राहायचं असतं.

व्याप्ती मोडायला एक उदाहरण पुरतं. ते उदाहरण लबक यांच्या मित्राकडेच होतं. एक्स क्लबातले हूकर यांनी आपल्या १८५४ च्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात खासी टेकड्यांतल्या उभ्या शिळांचं वर्णन केलं आहे. तिथले लोक मृतांच्या स्मरणार्थ अशा शिळा तेव्हाही उभारत होते. एव्हबरीच्या शिळा कशा उभ्या राहिल्या असतील याचा विचार करणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडायचं. पण हेच खासी लोक लोखंड गाळण्यात वाकबगार होते! त्यांचं लोखंड खाली मैदानात विकायला जात होतं. मग आता त्यांना कोणत्या पायरीवर बसवायचं? शिळा पाहून नवाश्मयुगात, की भट्टी पाहून लोहयुगात? खरं उत्तर साधं आहे. ते एकोणिसाव्या शतकात होते. हूकरच्या बरोबरीने, त्याच तारखेला.

दुसरा मुद्दा प्रमाणांचा. लबक यांनी १८८२ मध्ये, म्हणजे स्मारकांच्या कायद्याच्याच साली, मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांनी घरात काचेच्या तावदानांत वारुळं पाळली. एकेका मुंगीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन तिच्या फेऱ्या दिवसभर टिपल्या. त्यांची एक राणी-मुंगी चौदा वर्षांहून अधिक जगली, आणि तोवर तिची नोंद राहिली. आपल्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण मुंग्यांना जाणवतात, हे त्यांनी दाखवलं. ते किरण पडले की मुंग्या आपले कोश उचलून दुसरीकडे नेत. इतकं प्रत्यक्ष, इतकी चिकाटी!

आणि माणसांच्या बाबतीत? टास्मानिया, अंदमान, टिएरा देल फ्यूगो, ज्यांच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली, तिथे ते कधी गेले नाहीत. खलाशी, मिशनरी, प्रवासी यांनी लिहिलेलं त्यांनी गोळा केलं. अमुक जमातीला धर्म नाही, असं एखादा प्रवासी लिहितो. तो तिथे किती दिवस होता? भाषा येत होती का? परक्या माणसाला आपला देव कोण दाखवतो? आपण तरी दारात आलेल्या अनोळखी माणसाला देवघरात नेतो का? शब्दप्रमाण आपल्याकडेही मानतात, पण अट आहे की सांगणारा आप्त असावा, जाणता आणि विश्वासू असावा. टायलर यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात 'धर्महीन जमाती'च्या अशा पुराव्यांची चांगली झाडाझडती घेतली. लबक यांनी मुंगीला जी काळजी दिली ती टास्मानियाच्या माणसाला दिली नाही. हे आम्हाला त्यांच्या विद्वत्तेवरचं सर्वांत मोठं लांछन वाटतं.

आणि हा नुसता तर्कदोष राहिला नाही. टास्मानियात ब्रिटिश वसाहत सुरू झाली १८०३ मध्ये. १८४७ मध्ये तिथले जे मूळ रहिवासी बेटावरच्या छावणीतून परत आणले गेले ते उरले होते ४७. 'प्रीहिस्टॉरिक टाइम्स' छापलं गेलं तेव्हा त्यातले बोटांवर मोजण्याइतके जिवंत होते. जमिनी, बंदुका, रोग, छावण्या ही कारणं समोर होती. पण ज्याला तुम्ही आधीच 'भूतकाळ' म्हणून ठेवलं, तो नाहीसा झाला तर धक्का कसला? भूतकाळ जायचाच असतो! लबक यांनी कोणावर बंदूक चालवली नाही, ते दयाळू गृहस्थ होते. पण त्यांच्या शिडीने एका हत्याकांडाला निसर्गक्रमाचा चेहरा दिला.

इथे न्याय म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच काळात लंडनमध्ये मानवशास्त्राची दुसरी एक मंडळी होती, जी म्हणायची की मानववंश मुळातच वेगळे, काळा माणूस कधी वर येणारच नाही. लबक त्यांच्या विरुद्ध होते. शिडी एकच आहे म्हणजे माणूस एकच आहे, आणि कोणीही वर चढू शकतो, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात ही भूमिका घ्यायला किंमत होती. पण एक शिडी म्हटली की वर कोण आणि खाली कोण हा प्रश्न आलाच, आणि पायऱ्यांची मोजदाद नेहमी वर बसलेलाच करतो.

आता आपल्याकडे वळू, कारण दोष सगळा साहेबाचा म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १८८६ मध्ये लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात लबक यांनी कामगारांसमोर शंभर उत्तम पुस्तकांची यादी ठेवली. त्या यादीवर बराच गदारोळ झाला, रस्किन यांनी तर तिच्यावर शाईच्या रेघोट्या ओढल्या. त्या यादीत रामायण-महाभारत आहे, संक्षेपाने का होईना. कालिदासाचं शाकुंतल आहे. म्हणजे लबक यांच्या शिडीवर आपल्याला, निदान आपल्यातल्या पोथ्या असलेल्यांना, बरी वरची पायरी होती. आम्हाला वाटतं, म्हणूनच आपण शिडीला हरकत घेतली नाही. उलट ती घरी आणून उभी केली, आणि खालच्या पायऱ्यांवर कोणाला बसवायचं हे आपलं आपण ठरवलं.

१९७५ मध्ये आपल्या सरकारने काही जमातींसाठी 'आदिम जमाती' असा गट केला. हेतू मदतीचा होता. पण निकषांत एक होता 'शेतीपूर्व तंत्रज्ञान', आणि गटाचं नाव होतं 'आदिम'. महाराष्ट्रात या गटात तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. २००६ मध्ये नाव बदलून 'विशेष असुरक्षित' असं केलं. नाव बदलायला एकतीस वर्षं लागली. बोलण्यातून तर अजूनही गेलेलं नाही.

आता ती हकीकत. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीची. आम्ही वर्गात इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर बोलत होतो आणि सवयीने बोलून गेलो, 'आपल्या सह्याद्रीत आजही अश्मयुगात जगणारी माणसं आहेत.' मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रायगडातल्या एका कातकरी वाडीतून आलेली, एरवी न बोलणारी. म्हणाली, 'सर, तुमच्या आजी कोणत्या साली वारल्या?' आम्ही सांगितलं, एकोणीसशे बासष्ट. ती म्हणाली, 'माझी पणजी पण त्याच सुमाराला गेली. वीटभट्टीवर. मग ती अश्मयुगात कशी?'

वर्ग हसला नाही. आम्हाला काही उत्तर सुचलं नाही. 'बस,' एवढंच म्हणालो, आणि पुढचा मुद्दा घेतला. तिची माफी त्या दिवशी मागायला हवी होती, ती मागितली नाही. पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही, आणि आम्ही चौकशीही केली नाही. आज तुमच्यासमोर हे व्याख्यान देण्याचं खरं कारण ते आहे.

योहानेस फेबियन यांनी १९८३ मध्ये एका पुस्तकात दाखवून दिलं की मानवशास्त्राने ज्यांचा अभ्यास केला त्यांना समकालीनताच नाकारली. आम्ही ते पुस्तक वाचलं होतं, त्यावर टिपणं काढली होती. तरी ते वाक्य तोंडातून गेलं. ज्या पणजीने विटा थापल्या, त्या विटांच्या इमारतीत कदाचित आमचा तो वर्ग भरत असेल. वीटभट्टी म्हणजे मागे राहिलेला काळ नव्हे. ती आपल्याच शहराची, आपल्याच काळाची खालची बाजू. 'मागासलेला' म्हटलं की वाटतं, हा उशिरा निघाला, पोचेल हळूहळू. 'लुटलेला' म्हटलं की विचारावं लागतं, कोणी लुटलं. शिडीची सोय ही की तो प्रश्न विचारावाच लागत नाही.

मग सिद्धांत काय? लबक यांना टाकून द्यायचं का? आम्ही म्हणू, नाही. पुराश्मयुग, नवाश्मयुग हे शब्द ठेवावेत, पण ते थरांची आणि हत्यारांची नावं म्हणून. माणसांची नावं म्हणून नव्हे. आणि त्यांचा १८८२ चा विचार तर जपावाच. किंबहुना त्यांचं उत्तर त्यांच्याच विचारात आहे. पार्लमेंटात लोक म्हणत होते, रानट्यांच्या दगडांना एवढा मान कशाला, तेव्हा हाच माणूस दहा वर्षं उभं राहून सांगत होता की त्यांना मान आहे, त्यांच्यावर आपली मालकी नाही. एवढंच त्यांनी मेलेल्या ब्रिटनांबरोबर जिवंत टास्मानियनांविषयीही म्हणायला हवं होतं. पुढची पायरी चढायला शिडी लागत नव्हती. फक्त बाजूला पाहायला हवं होतं.

वेळ संपली, संयोजक घड्याळाकडे पाहताहेत.